डिस्ट्रिब्युटरला हातमोजा

बर्फाची आणि आपल्या शहापूर-मुरबाडच्या पावसाची तशी काही ओळख नाही. पण जुनी गाडी दोन्हीकडे साधारण सारख्याच कारणांनी अडते, हे मला कळलं ते नणंदेच्या मुलामुळे. तो कॅनडात माँट्रियलला असतो. त्याच्याकडे एमजीबी नावाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार आहे. दोनच माणसांची, वर कापडी हूड. १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनत होती. तिथले शहाणे लोक अशी गाडी थंडी सुरू झाली की झाकून ठेवतात. आमचे चिरंजीव मात्र ती भर बर्फात चालवतात!

त्यासाठी तो काय काय करतो ते ऐकण्यासारखं आहे. त्यांच्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. साध्या टायरचं रबर सातेक अंशांच्या खाली कडक होत जातं आणि पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. या गाडीला जोर मागच्या चाकांचा, आणि मागे वजन कमी. म्हणून डिकीत वाळूच्या पिशव्या. बर्फ वितळावा म्हणून तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खातं. म्हणून दर वर्षी खालून तेलाचा फवारा. रात्री इंजिन गारठू नये म्हणून विजेवरचा हीटर. "मामी, सगळा खर्च गाडीच्या पोटाखाली जातो, वरून काहीच दिसत नाही," असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा मला आमची पद्मिनी आठवली.

आमची प्रीमियर पद्मिनी १९९४ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्या काळ्या-पिवळ्या बहिणींपैकी शेवटची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आमची खासगी असल्यामुळे दर पाच वर्षांनी तपासणी, पुनर्नोंदणी आणि हरित कर भरून अजून चालू आहे. शहापूरहून किन्हवली, डोळखांब, तिकडे सरळगाव, टोकावडे... पाड्यांवरच्या बायकांच्या कामासाठी माझी हीच फिरती. नवी गाडी का घेत नाही, असं सगळे विचारतात. एक तर पैसे. दुसरं म्हणजे ही कुठेही बंद पडली तरी पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन कुणीतरी दुरुस्त करणारा भेटतो.

पावसात जुनी पेट्रोल गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा इंजिनात पाणी शिरल्यामुळे नाही. विजेची ठिणगी वाटून देणारा जो डिस्ट्रिब्युटर असतो, तो भिजतो. ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. यावर इंग्लंडच्या मिनी गाडीवाल्यांचा एक तोडगा भाच्याने सांगितला. मिनीचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीच्या अगदी मागे, त्यामुळे तिथल्या पावसात तो हमखास भिजायचा. मग ते लोक भांडी घासायचा रबरी हातमोजा घेत, बोटांची टोकं कापत आणि हातमोजा उलटा त्याच्यावर चढवत. चार प्लगच्या चार तारा, एक कॉइलची. पाच तारांना पाच बोटं, बरोब्बर! आमच्या मेकॅनिककाकांनी आधी हसून घेतलं आणि मग स्वतःच तारांभोवती ग्रीस लावून दिलं. खालची बाजू मोकळी ठेवायची, नाहीतर आत घाम धरतो.

बाकीचं सगळं रोहिणी नक्षत्रात उरकून घ्यायचं. खालचा पत्रा खरवडून काळा रंग, नक्षीची खोली चांगली असलेले टायर, वायपरची नवी रबरं. मुरबाडकडच्या लाल मातीच्या चढावर मागची चाकं नुसतीच फिरायला लागली की भाच्याच्या वाळूच्या पिशवीचं काम आमच्याकडे तांदळाचं पोतं करतं. काचेवर धुकं धरलं तर पुढची तिकोनी काच उघडायची. ट्रकवाले काचेवर बाहेरून तंबाखू चोळतात, त्याने पाणी थेंब धरून न बसता पसरतं. वासाची सवय करून घ्यावी लागते, इतकंच. आणि पाण्यातून गाडी काढली की ब्रेक हलकेच दाबत थोडं अंतर जायचं. हिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ते ओले असले की लागत नाहीत. हे मी शिकवायला आलेल्या प्रत्येकीला दहादा सांगते.

गाडी उंच करून घ्या, असा सल्लाही खूप जणांनी दिला. पण मूळ बांधणीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. शिवाय उंच गाडीने धीर वाढतो, आणि तोच धीर नडतो.

एका जुलैतली रात्र सांगते. किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यावरून निरोप आला, बाईला कळा सुरू झाल्यात. १०८ निघाली होती, पण तिला पल्ला लांबचा. आम्ही पद्मिनी काढली. मुसळधार पावसात ती एकदाही खोकली नाही. बाईला मागे निजवलं, सासू शेजारी. परत येताना फरशीवरून पाणी वाहत होतं. फार नाही, गुडघ्याच्या खालीच. सासू म्हणाली, "ताई, घाला ना गाडी! आता काय थांबायचं?"

वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी उचलून नेतं. हातमोजा चढवलेला डिस्ट्रिब्युटर त्यात काय करणार? मी गाडी मागे घेतली. सासू माझ्यावर रागावली, आणि तिचा राग चुकीचा नव्हता. पलीकडे रुग्णवाहिका आली, तिचा दिवा आम्हाला दिसत होता. मधे पाणी. अलीकडेच राहणाऱ्या नर्सताईंना उठवलं, अंगणवाडीचं कुलूप काढलं, पद्मिनीच्या दिव्यांच्या उजेडात बाईला आत नेलं. पहाटे मुलगी झाली. पाणी ओसरल्यावर दोघींना शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचवलं. त्या फरशीवर उंच पूल व्हावा म्हणून आम्ही बायकांनी अर्ज दिलेत. उत्तर यायचंय.

बॉनेटखाली बायकांनी काय बघायचं, असं अजूनही कुणीतरी विचारतंच. १९६० साली पॅट मॉस आणि ॲन विस्डम या दोघींनी ऑस्टिन-हिली स्पोर्ट्‌स कार घेऊन लिएज-रोम-लिएज ही युरोपातली अतिशय खडतर रॅली जिंकली होती, सगळ्या पुरुषांना मागे टाकून. हे मी आमच्या बचतगटात सांगितलं, तेव्हा बायका जरा सरसावून बसल्या. मग अंगणातच बॉनेट उघडलं. एकीने तारा मोजल्या. स्कूटीवरून शाळेत शिकवायला जाणाऱ्या मास्तरीणबाईंनी विचारलं, "माझ्या गाडीला तर एकच तार आहे, तिला काय घालू?" प्लगची टोपी घट्ट बसलीय का बघा, फाटली असेल तर बदला, आणि सीटखाली एक कोरडं फडकं ठेवा, असं सांगितलं.