झाकणाची झळाळी

मोटारीचे बॉनेट उघडून तुम्ही कधी आत पाहिले आहे का? इंजिनाच्या माथ्यावर एक लांबट झाकण असते. गॅरेजमधले कारागीर त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. अनेक गाड्यांत ते अ‍ॅल्युमिनियमचे असते. तेल, धूळ आणि उष्णता यांमुळे काही वर्षांत ते काळवंडते. हेच झाकण घरच्या घरी आरशासारखे चमकवता येते. पाणी, साबण, ब्रश, पॉलिश पेपर, धातूचे पॉलिश, सुती कापड आणि सबुरी एवढे त्यासाठी पुरेसे आहे.

आधी या धातूची ओळख करून घेऊ. एकाच आकाराचे दोन तुकडे घेतले, तर अ‍ॅल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश भरते. लोखंडाचा गंज पापुद्र्यासारखा सुटतो आणि आतले लोखंड पुन्हा गंजते. अ‍ॅल्युमिनियमचे तसे नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. तो घट्ट चिकटून आतल्या धातूचे रक्षण करतो. गंमत अशी, की माणिक आणि नीलम ही रत्नेसुद्धा मुळात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच आहेत!

मग झाकण निस्तेज का दिसते? शांत तळ्यात आपला चेहरा दिसतो, पण पाणी हलले की दिसत नाही. खडबडीत पृष्ठभागावरून प्रकाश असाच चहूकडे विखुरतो. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितकी चमक जास्त.

आता कृती पाहू. हे काम घरातील मोठ्यांना विचारूनच करा. इंजीन पूर्ण थंड झाल्यावर जाणकाराकडून झाकण काढून घ्या. त्याला चुंबक लावून पाहा. चुंबक चिकटला, तर ते लोखंडी पत्र्याचे आहे असे समजा. झाकण अ‍ॅल्युमिनियमचे असेल, तर गरम पाणी, साबण आणि ब्रशने सगळे तेल काढा.

नंतर पाण्याचा पॉलिश पेपर घ्या. पेपरावरचा आकडा जितका मोठा, तितका तो बारीक. 220 पासून सुरुवात करून क्रमाने 400, 600, 1000 आणि 1500 नंबरचे पेपर वापरा. पेपर ओला ठेवा, म्हणजे धूळ उडून श्वासात जाणार नाही. 220 ने आडवे घासले असेल, तर 400 ने उभे घासा. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. एखादा नंबर गाळला, तर त्याची चूक शेवटी चमक आल्यावरच दिसते आणि मग मागे फिरावे लागते. शेवटी धातूचे पॉलिश सुती कापडावर घेऊन घासा. कापड काळे होईल. घाबरू नका, ते घासून निघालेले अ‍ॅल्युमिनियमच आहे.

दोन गोष्टी विसरू नका. झाकणाच्या ज्या कडेवर पॅकिंग बसते, ती कड घासू नका. ती उंचसखल झाली, तर तेल गळेल. तसेच बसवण्यापूर्वी झाकण आतून-बाहेरून धुऊन कोरडे करा. पेपराचे कण तेलात मिसळले, तर इंजीन आतून झिजते.

माझ्या वर्गातील एक मुलगा सुट्टीत गॅरेजमध्ये काम शिकत असे. ईद जवळ आली होती, गाडी लवकर द्यायची होती. त्याने झाकण कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवले. पाणी फसफसले, झाकण काळे पडले आणि त्यावर खड्डे पडले. हा सोडा अ‍ॅल्युमिनियमला खातो. त्यातून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेतो आणि ते पाणी कातडी व डोळे जाळते. नशिबाने मुलाला इजा झाली नाही. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी तेच झाकण आणि पॉलिश पेपर त्याच्या हाती दिले. तो तीन दिवस घासत होता. चमक आली, पण काही खड्डे राहिलेच.

चमकवलेले झाकणही काही महिन्यांनी पुन्हा मंद होते. तेव्हा पॉलिशचा एक हात फिरवला की पुरे. पण पहिली मेहनत मात्र कोणालाही चुकवता येत नाही. त्या मुलाला आज हे सांगावे लागत नाही. नव्या शिकाऊ मुलांना तो स्वतःच 220 चा पेपर आधी हातात देतो.