१५४.८० आले कुठून?
बास्केटबॉलमध्ये एकूण गुणांना सामन्यांनी भागलं की सरासरी मिळते. क्रिकेटची सरासरी जरा लबाड. १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात सुनील गावसकरने चार कसोटींत केलेल्या धावा वहीत मांडा: ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०. बेरीज ७७४. आठाने भागलं तर ९६.७५. पण नाबाद डाव भाजकात धरत नाहीत, म्हणून भागायचं पाचाने: १५४.८०. आता आलेखाच्या कागदावर आठ स्तंभ काढा आणि १५४.८०ची आडवी रेघ ओढा. एकटा २२०चा स्तंभ तिच्यावर डोकं काढतो! मध्यक तर ९१.५च. राजहंसगडाखालच्या येळ्ळूरच्या गणित-शिक्षकांनी मुलांना गावच्या सामन्यांचे आकडेही असेच मांडायला द्यावेत.