एक पिल्लू कुशीत, चार पिल्ले उघड्यावर

काळ्या तोंडाचे वानर आणि टिटवी हे दोघेही मानवत परिसरातल्या शेतशिवारात नेहमी दिसणारे जीव. वानर झाडावरचे, टिटवी जमिनीवरची. त्यांची पिल्ले वाढवण्याची रीत त्यांच्या अंगरचनेप्रमाणेच वेगळी आहे.

वानराचे हातपाय फांदी पकडणारे आणि शेपूट धडाहून लांब असते. अनेक कप्प्यांच्या जठरातले जीवाणू पाला कुजवतात, त्यामुळे निबर पानांवरही त्याचा निभाव लागतो. टिटवी पाणथळ काठावरच्या पक्ष्यांच्या कुळातली. तिचे पिवळे पाय लांब असतात आणि मागचे बोट अगदी आखूड. त्यामुळे फांदी पकडता येत नाही. ती जमिनीवरच चालते, किडे टिपते आणि तिथेच अंडी घालते.

वानरीला साधारण साडेसहा महिन्यांनी बहुधा एकच पिल्लू होते. काळसर केसांचे हे पिल्लू आईच्या पोटाला बिलगून राहते आणि टोळीतल्या इतर माद्याही त्याला आळीपाळीने घेतात. दूध तुटायला वर्षभर लागते. बाहेरच्या हुप्प्याने टोळी बळकावली, तर अंगावरची पिल्ले मारली जाण्याचा धोका असतो. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात धारवाडजवळ हे वर्तन नोंदवले.

टिटवीची वीण मुख्यतः मार्च ते ऑगस्ट. उघड्या रानात उथळ खळगा करून ती भोवती खडे व लेंड्या मांडते. त्यात बहुधा चार अंडी असतात, टोके आतल्या बाजूला वळलेली. मातकट रंगावरच्या काळ्या ठिपक्यांमुळे ती ढेकळांत दिसून येत नाहीत. नर-मादी आळीपाळीने सुमारे चार आठवडे बसतात. वैशाखाच्या उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार ठेवतात. अंड्यात बलक भरपूर असल्याने पिल्लू पुरते वाढूनच बाहेर येते, अंग वाळताच चालू लागते आणि स्वतः किडे टिपते. आईबापांचा इशारा ऐकताच ते जमिनीला चिकटून निश्चल होते.

वानराच्या पिल्लाचे रक्षण टोळी करते, टिटवीच्या पिल्लाचे त्याचा रंग आणि निश्चलता. म्हणूनच वानरांना वड-पिंपळासारखी मोठी झाडे हवीत, तर टिटवीला उघडे रान. उन्हाळी नांगरटीत टिटवीची अंडी सहज चिरडली जातात. घरटे दिसल्यास तेवढा तुकडा महिनाभर सोडला, तरी एक वीण वाचते.