दास्याचा इतिहास आणि स्वररचना: एलिंग्टन व सत्यशोधकी जलसा

आफ्रिकी-अमेरिकी व दलित साहित्याची तुलना मराठी अभ्यासकांना नवी नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेत निग्रो दास्यविमोचनासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव पुढे ठेवले. तथापि ही तुलना प्रामुख्याने आत्मकथन व कविता यांपुरती राहिली. संगीतरचना दास्याचा इतिहास कसा मांडते, हा प्रश्न तीत क्वचितच उपस्थित होतो.

ड्यूक एलिंग्टन यांची ‘ब्लॅक, ब्राऊन अँड बेज’ ही दीर्घ जॅझरचना २३ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सादर झाली. पहिल्या भागात श्रमगीतामागोमाग ‘कम संडे’ ही धून येते. चर्चबाहेर उभे राहून आतील गायन ऐकणारे गुलाम, ही तिची कल्पना. जॉनी हॉजेस यांच्या सॅक्सोफोनवर ती तेव्हा शब्दांवाचून वाजली; महालिया जॅक्सन यांच्या स्वरात ती १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. दुसऱ्या भागातील मुक्तीच्या उत्सवात तरुणांच्या आनंदाशेजारी, आयुष्यभर राबून आता निराधार झालेल्या वृद्धांची व्यथाही आहे. मुक्ती म्हणजे इतिहासाचा शेवट नव्हे, हे येथे विधानातून नव्हे, तर भावांच्या विरोधातून कळते.

सत्यशोधकी जलशाने वेगळा मार्ग पत्करला. तमाशाचा परिचित साचा त्याने घेतला. पण गणातील देवस्तुतीला नवा अर्थ दिला आणि करमणुकीच्या जागी वादसंवाद आणला. आंबेडकरी जलशाने हाच वारसा पुढे नेला. एलिंग्टन यांचा इतिहास शब्दांआधी वाद्यांतून बोलतो. जलशाचा इतिहास शब्दांतून वाद घालतो. मात्र दोन्हीकडे, ज्या कलाप्रकाराला केवळ रंजन मानले गेले, त्यालाच इतिहासलेखनाचे साधन केले आहे.

१९६३ मध्ये दासमुक्तीच्या शताब्दीनिमित्त एलिंग्टन यांनी शिकागो येथे ‘माय पीपल’ सादर केले. त्याच वर्षी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यात ते दिल्लीस आले. देशात समान हक्कांसाठी लढा सुरू असताना परदेशी त्याच देशाचे प्रतिनिधित्व करणे, हा विरोध त्यांच्या रचनेतील विरोधाहून फार दूरचा नव्हता.

जात व वर्णाधिष्ठित गुलामी या एकरूप संस्था नव्हेत. म्हणूनच तुलनेचा आधार दुःखाचे साम्य नसून, त्या दुःखाला आकार देणारी रचनापद्धती हा असावा.