एका गुंठ्यावर ४,८०० कोटी थेंब

वसईजवळच्या आगाशीच्या एका वाडीत बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या तळ्याच्या, काठावर कागदी लिंबाचं झाड आहे. जुलैत त्याच्याखाली उभं राहिलं की पाऊस थांबला तरी अंगावर पडतच राहतो. परवा त्याचं एक पान तोडून दहा पटीच्या भिंगाखाली धरलं. वर तपकिरी, खडबडीत खपली आणि भोवती पिवळं कडं. पान उलटलं तर खालीही तशीच खपली. म्हणजे हा खैऱ्या, जिवाणूचा रोग, कागदी लिंबाचा जुना वैरी. मी शोधत होतो तो स्कॅब वेगळा. त्याची खपली पानाच्या एका अंगाला चामखिळीसारखी वर येते आणि दुसऱ्या अंगाला तिथंच खळगा पडतो. ही बुरशी. नाव एल्सिनोए फॉसेटी, हॉवर्ड फॉसेट या अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञावरून ठेवलेलं. कागदी लिंबू तिला सहसा दाद देत नाही, जंबेरी ही लिंबाची जात मात्र पटकन बळी पडते.

दोन्ही रोगांचं वाहन एकच, पाऊस. तर आधी वाहनं मोजू.

वसईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटर पाऊस धरू. पुष्कळ वर्षी त्याहून जास्तच पडतो. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्यावर पडलेलं पाणी झालं दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. (मे महिन्यात टँकरची वाट बघत बसणाऱ्यांना हा हिशेब जरा झोंबेल.) थेंब दोन मिलिमीटर व्यासाचा धरला, तर एका लिटरात २ लाख ३८ हजार थेंब होतात. गुणाकार केला की आकडा येतो ४,८०० कोटी. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांना वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा. एवढे थेंब एका गुंठ्यावर, एका पावसाळ्यात.

आता प्रवासी. स्कॅबचा बीजाणू साधारण सात मायक्रॉन लांब आणि तीन मायक्रॉन जाड. एकामागे एक असे १४० लावले की कुठे एक मिलिमीटर भरतो. नुसत्या आकारमानाचा हिशेब केला तर एका थेंबाच्या जागेत बारा कोटींहून जास्त मावतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता. तो सगळा एका थेंबात बसून वर जागा उरली असती. इतकी गर्दी प्रत्यक्षात कधी होत नाही, पण अडचण जागेची नाही एवढं नक्की.

मग वाढ. एका खपलीपासून दहा दिवसांत फक्त दहा नव्या खपल्या झाल्या असं समजा. चार महिन्यांत अशा बारा फेऱ्या होतात, आणि बाराव्या फेरीला आकडा एक लाख कोटी! कागदावर, अर्थात. झाडाला लाखभर पानं असली तर ती पाचव्या फेरीतच संपली. पण कुठल्याही वाडीत असं घडलेलं दिसत नाही, आणि मला त्या लाख कोटींपेक्षा हेच जास्त नवलाचं वाटतं.

कारण अडवणारे आकडे अगदी छोटे आहेत. बीजाणू पानावर पडल्यावर पान तीन-चार तास तरी ओलं राहावं लागतं. त्याआधी ऊन पडून पान वाळलं की बीजाणू गेला. पानही कोवळंच हवं. पूर्ण पसरायच्या आत ते निबर होतं आणि मग बुरशीला दार बंद. फळाला धोका पाकळ्या गळल्यावर सहा-आठ आठवडे, पुढे फारसा नाही. शिवाय थेंब उडून उडून जाणार किती लांब? शेजारच्या फांदीपर्यंत, फार तर शेजारच्या झाडापर्यंत.

या तिन्ही अटी एकदम पुऱ्या होतात त्या रोपवाटिकेत. विदर्भात नागपुरी संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरीच्या खुंटावर भरतात. जंबेरीची रोपं दाटीनं उभी, सगळी कोवळी, आणि त्यात कुणी वरून झारीनं पाणी घालत असेल तर पावसाची वाट बघायचीही गरज नाही. डोळा फुटून वरचा शेंडा छाटला की जंबेरीची पानंच उरत नाहीत, म्हणून मोठ्या बागेत ती जंबेरी कुणाला आठवत नाही.

खैऱ्याला मात्र वाऱ्याची साथ मिळाली की अंतराचं गणित बदलतं. फ्लोरिडात ठरवलं होतं की एक रोगी झाड सापडलं की भोवतीच्या १,९०० फुटांतली लिंबूवर्गीय झाडं तोडायची, धडधाकट असली तरी. १,९०० फूट त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे २६० एकर, १०,४०० गुंठे. हे एका झाडापायी. अशी तिथं दीड कोटीहून जास्त झाडं गेली. मग २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी जिवाणू इतका दूरवर उडवला की २००६ च्या जानेवारीत ती मोहीमच गुंडाळावी लागली.

आगाशीतल्या झाडाखाली मी हा हिशेब मनात जुळवत होतो, तेवढ्यात वाडीतल्या मावशी पडवीतून ओरडल्या, "ओल्या झाडाला हात लावू नको रे! पान बघायचं तर कोरड्यात ये."

तोवर मी पलीकडच्या दोन लिंबांची पानंही चाचपून आलो होतो, त्याच हातानं.