कनेक्शन बंद केलं, पण ते खरंच बंद झालं का?

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. थोडी साफसफाई केलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय साधा वाटेल: इंटरनेट किंवा फोनचं कनेक्शन बंद कसं करायचं? चालू करायला दहा मिनिटं लागतात. बंद करायला मला चार महिने लागले.

मी साताऱ्यात गोडोलीला भाड्याच्या खोलीत राहायचो. तिथं फायबर घेतलं, महिना 599 आणि वर जीएसटी. आधार कार्ड आणि रजिस्टर नंबर दोन्ही आबांचे, म्हणजे वडिलांचे. मग सांगलीत नोकरी लागली. कस्टमर केअरला फोन केला, "बंद करा." पलीकडचे म्हणाले, "सर, रिक्वेस्ट घेतली." एरियातला पोरगा येऊन राउटर घेऊन गेला. मी विश्रामबागेत सामान लावलं आणि विषय विसरलो.

तीन महिन्यांनी कराडजवळच्या आमच्या गावाहून आबांचा फोन. "आरं, तू कुणाचं पैसं बुडवलंस व्हय? एक बाई वसुलीचं बोलतीया. आजवर सोसायटीचं कर्ज एक दिवस बी थकवलं न्हाई म्या."

बिल होतं 2,120 रुपयांचं, राउटरचे पैसे वेगळे. कंपनीचं म्हणणं असं की बंद करायची रिक्वेस्ट सिस्टिममध्ये नाहीच आणि राउटरही परत आलेला नाही. माझ्याकडे नोंदणीचा क्रमांक नव्हता, पावतीही नव्हती. पैशापेक्षा आबांचा तो आवाज जास्त लागला.

इथं माझी चूक काय झाली, ते नीट समजून घ्या. पोस्टपेड कनेक्शन हा एक करार असतो. वापर थांबवला, वायर काढली, बिल भरलं नाही, यातल्या कशानंही तो संपत नाही. बंद करायची नोंद झाल्यावरच मीटर थांबतो, आणि ती नोंद झाल्याचा पुरावा आपल्या हातात लागतो. थकबाकीची माहिती क्रेडिट ब्युरोकडेही जाऊ शकते. म्हणजे ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याच्या क्रेडिट स्कोअरचा प्रश्न.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, बंद करायची विनंती लेखी द्या. ॲपमधून किंवा ईमेलने, आणि ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्याच रजिस्टर नंबरचा उल्लेख करून. कोणत्या तारखेपासून बंद हवं तेही लिहा. ट्रायच्या निकषाप्रमाणे अशी विनंती 7 दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

दुसरी, राउटर देताना पावती घ्या. पावती नसेल तर राउटरवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा आणि नेणाऱ्याला तो व्हॉट्सॲप करून "मिळाला" एवढं उत्तर मागा.

तिसरी, शेवटचं बिल भरल्यावर "बाकी शून्य" असं लेखी मागून घ्या.

एवढं करूनही बिल आलं तर? कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करा. तिथं प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर द्यावाच लागतो, 2012 पासूनचा ट्रायचा नियम आहे तो. तो नंबर न घेता फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला फी नाही, आणि निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथं मेल करून वाट बघत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मात्र लक्षात ठेवा: 1915.

आणि शेवटचा दरवाजा ग्राहक आयोगाचा. 2009 च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी तिथं अडायच्या. अहमदाबादच्या एका ग्राहकाचं सरासरी बिल 555 रुपये असताना एका महिन्यात 24,609 रुपयांचं आलं. तो भांडत राहिला आणि 16 फेब्रुवारी 2022 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मोबाईल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता किंवा काम करता, तिथल्या आयोगात तक्रार चालते. कंपनीचं ऑफिस मुंबईला असो नाहीतर दिल्लीला, तुम्ही साताऱ्यात किंवा सांगलीतच दाखल करू शकता. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

आणखी एक. बंद करायचं बटण लपवणं, ग्राहकाला गोल गोल फिरवणं, याला आता नाव आहे: सबस्क्रिप्शन ट्रॅप. 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जे 13 डार्क पॅटर्न दिलेत, त्यातला हा एक. तक्रारीत हा शब्द जरूर वापरा.

मोबाईलचं थोडं वेगळं आहे. कंपनी नको पण नंबर हवा असेल, तर बंद करूच नका, पोर्ट करा. त्याच नंबरवरून 1900 ला इंग्रजीत PORT, मग स्पेस, मग नंबर असा मेसेज टाका. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. बिल थकलेलं असेल किंवा त्या कंपनीत 90 दिवस झाले नसतील तर कोड मिळत नाही. आणि नंबरच सोडायचा असेल तर आधी बँक, आधार, यूपीआय, व्हॉट्सॲप सगळीकडून काढा. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळू शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे.

माझं काय झालं? कॉल हिस्टरीतला पहिल्या फोनचा स्क्रीनशॉट लावून तक्रार केली, मग अपील. राउटरचे पैसे आणि दोन महिन्यांचं बिल माफ झालं. एका महिन्याचे 707 रुपये भरावे लागले. आळसाचा दंड समजलो. "बाकी शून्य"चा मेल आला तो प्रिंट काढून गावी नेला. आबांनी दोनदा वाचला आणि सोसायटीच्या कागदांच्या पिशवीत घालून ठेवला.

तुमच्या घरात आई-बाबांच्या नावावर तुम्ही घेतलेलं एखादं कनेक्शन असेल, तर आज ते चालू आहे की बंद, एवढं बघून घ्या. आणि तुमचा अनुभव व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात!