पंधरा वर्षांची गाडी, तीन वर्षांचा प्लग

मोटारीतल्या संगीताचा विषय निघाला की बोलणं लगेच स्पीकर किती वॉटचे आणि बेस किती दणकेबाज यावर जातं. खिशातलं यंत्र आणि गाडीचा डेक यांना जोडणाऱ्या वायरीकडे फारसं कुणी बघत नाही. ती तुटली किंवा नव्या फोनला बसेनाशी झाली की मगच तिची आठवण होते. खरी गोम मात्र तिथेच आहे. अमेरिकेतल्या रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींचं सरासरी वय आज 12 वर्षांच्या पुढे गेलंय, आणि खिशातलं यंत्र दोन-चार वर्षांत बदलतं. ही विजोड जोडी जमवायचे जेवढे प्रयोग गेल्या चाळीसेक वर्षांत झाले, त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पलीकडच्या यंत्राबद्दल जोडणीला जितकं कमी माहीत असतं, तितकी ती जास्त टिकते. हुशार जोडणी सुरुवातीला जास्त सुख देते आणि आधी निकामी होते.

सुरुवात कॅसेट अडॅप्टरपासून करावी लागेल. सोनीचा वॉकमन 1979 मध्ये आला आणि सीडी वाजवणारं त्याचं भावंड, डिस्कमन, 1984 मध्ये. गाड्यांमध्ये मात्र कॅसेटचेच डेक होते. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे कॅसेटच्याच आकाराचा एक डबा, ज्याच्या कडेतून वायर बाहेर येते. आत टेप नसते. डेकचं हेड जिथे टेपला टेकतं, नेमक्या त्याच जागी अडॅप्टरमध्ये दुसरं हेड बसवलेलं असतं. प्लेअरमधून आलेला विजेचा संकेत त्या हेडमध्ये चुंबकीय चढउतार निर्माण करतो आणि डेकचं हेड ते टेपवरचे समजून उचलतं. आतली दातेरी चाकं एवढ्याचसाठी, की टेप फिरतेय असं डेकला वाटावं. नाहीतर टेप संपली असं समजून तो कॅसेट उलटवतो किंवा बाहेर फेकतो. चाकांची कुरकुर ऐकू येते आणि हेड नीट समोरासमोर आली नाहीत तर वरच्या पट्टीतले सूर दबतात, हे खरंच. पण डिस्कमनसाठी घेतलेला हाच डबा 2001 च्या ऑक्टोबरात आलेल्या पहिल्या आयपॉडलाही जसाच्या तसा चालला, आणि हेडफोनचा जॅक असलेल्या कोणत्याही फोनला आजही चालतो.

दुसरा मार्ग हवेतून जाणारा. एफएम ट्रान्समीटर म्हणजे चिमुकलं रेडिओ केंद्रच. ग्रिफिन कंपनीचा आयट्रिप 2003 मध्ये आला आणि आयपॉडवाल्यांनी तो उचलून धरला. इथे अडचण तंत्रापेक्षा कायद्याची जास्त. अमेरिकेत अशा परवान्याविना चालणाऱ्या उपकरणाच्या लहरींची तीव्रता 3 मीटर अंतरावर मीटरमागे 250 मायक्रोव्होल्टपेक्षा जास्त असता कामा नये. ब्रिटनमध्ये तर 8 डिसेंबर 2006 पर्यंत आयट्रिप वापरणं हा गुन्हाच होता; नंतर परवानगी मिळाली ती 50 नॅनोवॉटपर्यंत. इतक्या क्षीण आवाजाला मोकळी फ्रीक्वेन्सी लागते, आणि तिचा भरवसा नसतो. मुंबईत सापडलेली मोकळी जागा पुण्यात पोचेपर्यंत एखाद्या केंद्राने व्यापलेली निघते. शिवाय स्टिरिओ एफएमवर साधारण 15 किलोहर्ट्झच्या वरचे सूर पाठवताच येत नाहीत. सगळ्यात वाईट आवाज याच मार्गाचा, यात वाद नाही. तरीही ज्या गाडीत नुसता रेडिओ आहे, तिला दुसरा सोपा मार्ग नव्हता.

या दोन्ही उपायांवर नाक मुरडून तिसरा आला, तो थाटामाटात. आयपॉडच्या तळाशी 2003 मध्ये 30 पिनांचा कनेक्टर आला आणि पुढच्याच वर्षी, 2004 च्या जूनमध्ये, अॅपल आणि बीएमडब्ल्यूने मिळून गाडीत आयपॉड जोडायची सोय जाहीर केली. वायर ग्लोव्ह बॉक्समध्ये. गाणं बदलायचं, आवाज कमीजास्त करायचा तो स्टिअरिंगवरच्या बटणांनी, आणि वर आयपॉडची बॅटरीही भरत राहणार. गंमत अशी, की गाडीच्या लेखी तो आयपॉड नव्हताच, तो सीडी चेंजर होता. त्यामुळे मालकाने आपल्या प्लेलिस्टना बीएमडब्ल्यू 1 पासून बीएमडब्ल्यू 5 पर्यंत नावं द्यायची, म्हणजे डिस्कच्या बटणांवर त्या सापडत. हजारभर गाणी मावणारं यंत्र, आणि त्याला पाच तबकड्यांचं सोंग! तरी सोय म्हणून ती खरोखर उत्तम होती. इतर मोटार कंपन्या आणि डेक बनवणारेही त्याच पिनांमागे लागले.

मग घड्याळं जुळेनाशी झाली. त्या 30 पिनांपैकी काही फायरवायरच्या होत्या आणि बऱ्याच गाड्यांमधली जोडणी त्यांच्यावरच 12 व्होल्ट सोडून बॅटरी भरत असे. 2008 मध्ये आयफोन 3जी आणि त्या वर्षीच्या नव्या नॅनो व टचमधून अॅपलने फायरवायरने चार्ज होण्याची सोय काढून टाकली. प्लग तसाच बसे, गाणंही वाजे, बॅटरी मात्र भरत नसे. मग 12 व्होल्टचे 5 करणारे छोटे डबे विकले जाऊ लागले. 2012 मध्ये आयफोन 5 बरोबर 8 पिनांचा लाइटनिंग आला आणि आकारच बदलला. जुन्या वायरीसाठी अॅपलने 29 डॉलरचं अडॅप्टर काढलं, पण त्यातून व्हिडिओ जात नव्हता आणि गाडीच्या पडद्यावर आयपॉडचा मेन्यू दाखवणारी ‘आयपॉड आउट’ ही सोयही चालत नव्हती. 2014 मध्ये आयपॉड क्लासिक बंद, 2022 मध्ये आयपॉड हे नावच बंद, 2023 मध्ये आयफोनवर यूएसबी-सी. म्हणजे 2005 साली खास पैसे मोजून जोडणी बसवून घेतलेल्या माणसाची गाडी व्यवस्थित चालत असताना तिची वायर तीनदा म्हातारी झाली.

याउलट ऑक्स. 3.5 मिलिमीटरचा जॅक हा टेलिफोन एक्स्चेंजच्या जाडजूड प्लगचा धाकटा वारस. टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा, मागच्या नळीला सामाईक अर्थिंग, एवढाच त्याचा कारभार. पलीकडे कुठल्या कंपनीचं काय आहे, याची त्याला ना खबर ना फिकीर. त्याचेही दोष आहेत, आणि एक तर कान किटवणारा. प्लेअर सिगरेट लायटरच्या सॉकेटवरून चार्ज होत असताना ऑक्सही लावली की अर्थिंगच्या दोन वाटा तयार होतात, आणि अल्टरनेटरचा गोंगाट त्या फेऱ्यातून स्पीकरमध्ये शिरतो. इंजिन रेस केलं की शिटी चढते, सोडलं की उतरते. चार्जर काढला की सगळं शांत. मध्ये एक लहानसा आयसोलेटर, म्हणजे दोन ट्रान्सफॉर्मरची डबी, लावली की प्रश्न मिटतो. हेडफोनच्या जॅकमधून आलेला आवाज दोनदा अॅम्प्लिफाय होतो अशी तक्रार ध्वनिप्रेमी करतात, तीही रास्त आहे. 30 पिनांमधला लाइन-आउट त्याहून स्वच्छ होता. पण धावत्या गाडीत टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज त्या फरकाला बहुतेक वेळा गिळून टाकतो.

सुरक्षिततेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुकी वायर लावली की गाणं बदलायला चालकाचा हात आणि डोळे खिशातल्या यंत्राकडे जातात. स्टिअरिंगवरची बटणं ही चैन नव्हे, हे मान्यच करायला हवं. मात्र त्यासाठी एकाच कंपनीच्या पिनांना बांधून घ्यायला लागत नाही, हे ब्लूटूथने दाखवलं. त्यात आवाज नेण्याची आणि बटणांचे हुकूम नेण्याची पद्धत वेगवेगळी लिहून ठेवलेली आहे, ती सगळ्यांसाठी एकच आहे, आणि आवाजासाठी एसबीसी हे किमान कोडिंग प्रत्येकाला यावंच लागतं. बाकी काही जुळलं नाही तरी तेवढ्यावर गाणं वाजतं. म्हणून ब्लूटूथचं यश हे हुशारीचं यश मानणं मला पटत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या साध्या किमान बोलीचं ते यश आहे. अर्थात इथेही फसगत होतीच: बऱ्याच जुन्या गाड्यांतलं ब्लूटूथ फक्त फोनवर बोलण्यापुरतं होतं. शोरूममध्ये ‘ब्लूटूथ आहे’ ऐकून गाडी घेतली तरी गाणी वाजतीलच असं नव्हतं.

अशाने प्रगतीच थांबेल, असंही कुणी म्हणेल. थांबत नाही, कारण बदल कुठे होऊ द्यायचा हे आधी ठरवता येतं. डॅशबोर्डातल्या डेकच्या खाचेचं माप, 180 बाय 50 मिलिमीटर, प्रमाणित होतं. त्यामुळे कॅसेटचा डेक काढून सीडीचा, तो काढून पेनड्राइव्हचा, असं तीच गाडी ठेवून करता आलं. आपल्याकडे तर यावरच गल्लोगल्ली कार-डेकोरची दुकानं चालली. आता पडदा डॅशबोर्डातच घडवलेला असतो, एसीची बटणंही त्यातच, आणि तो काढून दुसरा लावायची सोय उरत नाही. जनरल मोटर्सने तर 2023 मध्ये जाहीर केलं, की आपल्या पुढच्या विजेच्या गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो मिळणार नाहीत, कंपनीचीच यंत्रणा असेल. आजच्या ग्राहकाला ती आवडेलही. पण बारा वर्षांनी तिच्यात काय चालेल, हे त्या गाडीच्या मालकाच्या हातात नसेल.

ज्यांच्या गाडीत अजून 30 पिनांची वायर लोंबतेय, त्यांच्यासाठी त्या पिनांवर बसणारे ब्लूटूथ रिसीव्हर मिळतात. त्यातले काही गाडीला आपण आयपॉडच आहोत असं भासवतात; कुठल्या गाडीला ते पटतं आणि कुठल्या नाही, हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. साधं ऑक्सचं छिद्र असलेल्या गाडीला काहीशे रुपयांचा कुठलाही रिसीव्हर चालतो.